नर्मदाआत्याचं सुतक

“सुतक? कोण गेलं, भाऊ?”

पाया पडायला वाकलेला दिगंबर खटावकर तसाच अर्ध्यावर थांबला. भाऊंनी पाय मागे घेतले होते. त्याने आणलेला पेढ्यांचा पुडाही त्यांनी हातात घेतला नव्हता.

वाईच्या घरातल्या नदीकडच्या पडवीत ते चटईवर भिंतीला टेकून बसले होते.

घरात भाऊ आणि काकू, दोघंच. दिगूने घाईने आत डोकावून पाहिलं. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या, चांगल्या ठणठणीत.

“यांनाच विचार बाबा,” त्या म्हणाल्या. “आठवडा होत आला, विडा तोंडात टाकलेला नाही. सख्ख्या भावाचं सुतक पाळलं नव्हतं यांनी!”

ते खरंच होतं. भाऊ गिजरे देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. उभा जन्म कथा लिहिण्यात आणि पोराटोरांना लिहायला शिकवण्यात गेलेला. दिगू त्या पोरांतलाच एक. अशा माणसाने सुतक धरावं म्हणजे कमालच होती.

“भाऊ, सांगा ना. कोण गेलं?”

“तुला माहीत नाही?”

“नाही.”

“नर्मदाआत्या.”

दिगूला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं आणि तो मोठ्याने हसला. नर्मदाआत्या तो लिहीत असलेल्या टीव्ही मालिकेतली होती. रोज संध्याकाळी घरोघरी दिसणारी, आल्यागेल्याला धारेवर धरणारी आत्या.

“अहो भाऊ, ती कुठली मरते! काम करणाऱ्या बाई दुसऱ्या वाहिनीवर गेल्या, म्हणून तिचा ट्रॅक संपवला. मोटार घातली दरीत. एका दुपारचं काम.”

“हो. मंगळवारी गेली. गुरुवारी त्याच घरात तुम्ही हळद लावलीत.”

“वाहिनीला लग्नाचा आठवडा हवा होता.”

“असेल...”

दिगूचं हसू ओसरलं. मालिकेवरून बोलणी खायची तयारी त्याने मुंबईहून निघतानाच केली होती. भाऊंनी नाक मुरडलं की आपण नम्रपणे मान डोलवायची आणि पिशवीतली कादंबरी काढून पुढे ठेवायची, असा बेत होता. पण भाऊ नाक मुरडत नव्हते. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे ते बोलत होते.

“ते राहू द्या, भाऊ. मी वेगळ्या कामाला आलोय.” त्याने हस्तलिखिताचं बाड काढलं. “कादंबरी लिहिली. शेवटच्या प्रकरणात म्हातारे तात्या जातात, आणि तेवढंच जमत नाही. पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. तात्या मरतात, पण मला काही होत नाही. प्रकाशक म्हणतात, चालेल की, मुखपृष्ठावर मालिकेचं नाव टाकू, हातोहात खपेल. पण भाऊ... मला लिहिता येईनासं झालंय का? एवढंच सांगा.”

हे एवढं विचारायलाच तो आला होता.

भाऊंनी बाडाकडे पाहिलं. हात लावला नाही.

“सुतकात कागदाला शिवायचं नाही. विसरलास?”

कसा विसरेल? पूर्वी याच पडवीत दर रविवारी कथावाचन चालायचं, आणि भाऊंचा एक चमत्कारिक नियम होता. कथेत माणूस मारलं की मारणाऱ्याने सुतक पाळायचं. दहा दिवस कागदाला हात लावायचा नाही, गोड खायचं नाही. पोरं वैतागायची. कथास्पर्धेची मुदत जवळ आली की सगळ्यांच्या कथांमधली आजारी माणसं एकाएकी खडखडीत बरी व्हायची.

दिगूने पहिल्याच कथेत सारजा नावाची कासारीण मारली आणि सुतकाचे दिवस घाटावर भटकून काढले. लिहायचंच नाही म्हटल्यावर ती म्हातारी डोक्यातून जाईना. बांगड्या भरताना ती पोरींना माहेरच्या गोष्टी विचारते, कारण बोलताना हात दुखल्याचं कळत नाही, हे त्याला कथा लिहिताना ठाऊकच नव्हतं. ते तिथे घाटावर कळलं, तेव्हा तो पायरीवर बसून रडला होता. काय दिवस होते! चपलेचा अंगठा तुटलेला असायचा, पोटात भूक असायची, आणि कधी जन्मालाच न आलेल्या बाईसाठी रडू यायचं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, हे त्याला आत्ता इथे बसल्यावर फार लागलं.

“पण आत्या माझी होती, भाऊ. सुतक तुम्ही का धरलंत?”

“तू धरलं नाहीस म्हणून.”

...

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“कशी जेवायची रे ती?” भाऊंनी विचारलं.

“कोण?”

“आत्या.”

चार वर्षं दिगूने तिला बोलायला लावलं होतं. पडद्यावर ती जेवायला बसली, तरी प्रेक्षकांना दिसायचं ते प्रायोजकाचं मसाल्याचं पाकीट.

“उभ्याने,” अखेर तो म्हणाला. “सगळ्यांचं झालं की... ओट्याशी. पातेल्यात उरलेल्या आमटीतच भात कालवून. हे कधी दाखवलं नाही मी. पण ती तशीच जेवायची.”

“तुला कसं माहीत?”

“माझी आई...”

चार वर्षं जिच्या तोंडी आईची वाक्यं घातली, तिला त्याने एका दुपारी दरीत ढकललं होतं आणि वर चहा मागवला होता. त्याला हुंदका आवरेना. आत काकूंचा तांदळातला हात थांबला. पण त्या उठून आल्या नाहीत.

भाऊ चटईवर जरा सरकले.

दिगू त्या जागेवर, त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून बसला. मयताच्या घरी माणसं बसतात तसे दोघं बराच वेळ नुसते बसून राहिले.

“भाऊ, आता जमेल? तात्यांचं मरण?”

“आधी तुझं सुतक फिटू दे.”

“आणि मग? मग मरतील तात्या?”

भाऊ नदीकडे बघत म्हणाले,

“मग कदाचित जगतीलही.”