मायाळू कळप आणि खोकला

मुलांनो, डोंगराच्या एका कपारीत शेळ्यांचा एक कळप राहत असे. कळप मोठा मायाळू. कोणी आजारी पडले की त्याला कपारीत अगदी आत, मधोमध बसवायचे आणि सगळ्यांनी त्याच्याकडे तोंडे करून भोवती दाटीने बसायचे, अशी त्यांची रीत होती. उबेने आजार पळतो, असे म्हातारा बोकड सांगे, आणि त्याचा शब्द कोणी मोडत नसे.

एका हिवाळ्यात एक शेळी खोकू लागली. तिला मधोमध बसवले. मग तिच्याजवळ बसलेल्या खोकू लागल्या आणि एकेक दगावू लागली. शेळ्यांमागून किडे टिपत फिरणारा एक गायबगळा कोण कुठे बसते, कोण आजारी पडते, हे नीट पाहत होता. कपारीच्या तोंडाशी, वाऱ्यावर झोपणाऱ्या शेळ्या ठणठणीत होत्या. तो बोकडाला म्हणाला, "हा आजार श्वासातून पसरतोय. खोकणारीला बाहेर झाडाखाली वेगळी ठेवा, चारापाणी तिथेच द्या."

"आजाऱ्याला बाहेर काढायला आम्ही काय लांडगे आहोत?" बोकड म्हणाला. सगळ्यांना ते पटले. असले बोलणे ऐकायला फार बरे वाटते.

एका शेळीने मात्र बगळ्याचे ऐकले. तिचे एक करडू खोकल्याने गेले होते, एकच उरले होते. त्याला घेऊन ती कपारीच्या तोंडाशी थंडीत झोपू लागली. कळपाने तिला नावे ठेवली, पण करडू धडधाकट राहिले. पुढे तिलाच खोकला आला. तेव्हा करडाला एका निरोगी शेळीपाशी सोडून ती एकटीच लांब झाडाखाली जाऊन बसली.

मायाळू कळपाला ते कसे बघवणार? त्यांनी तिला ढकलत आत आणले, मधोमध बसवले आणि करडू तिच्या कुशीत दिले. तिच्या अंगात उठण्याचे त्राण नव्हते. "याला बाहेर न्या," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तापात बरळतेय बिचारी, असे म्हणून सगळ्या आणखी जवळ सरकल्या. काही दिवसांत ती गेली आणि तिच्यामागोमाग करडूही गेले. आपण काही कमी केले नाही, असे उरलेल्या शेळ्या खोकत खोकत एकमेकींना सांगत होत्या.

तात्पर्य : साथीच्या आजारात आजाऱ्याला वेगळे ठेवणे म्हणजे निष्ठुरपणा नव्हे, न समजून घेता केलेली माया जीव घेते, आणि ती माया असते म्हणून तिला कोणी अडवतही नाही.