झोप आणायला गेलेली गोजरा

हं, पाय आखडा बघू. गजा, गोधडी ओढू नकोस, यमीला पण थंडी वाजते. आणि हुंकार द्यायचा, बरं का! हुंकार थांबला की माझी गोष्ट थांबली. मी काय भिंतीला सांगत बसणार नाही.

एक होता राजा. पण त्याचं आपल्याला काय करायचंय? तो मेला खुशाल झोपलाय गाद्यागिरद्यांवर. आपली गोष्ट त्याच्या राज्यातल्या गोजराची. गोजरा म्हणजे विणकराची बायको. तिला एकच लेक, चिमा. तुझ्याएवढी गं, यमे.

एकदा काय झालं, चिमाचा बाप तापाने फणफणला आणि रात्रीत गेला. गेला म्हणजे मेला. चिमा गाढ झोपलेली. तिला कुणी उठवलं नाही. सकाळी बघते तर बाजलं रिकामं. "बाबा कुठेयत?" तर शेजारीपाजारी म्हणाले, "बाबा गावाला गेलेत हं." गोजरानेही मान हलवली. एवढंसं लेकरू, त्याला काय सांगायचं, असं वाटलं तिला.

आणि त्या दिवसापासून चिमाची झोप उडाली. डोळे टक्क उघडे, दाराकडे. मग गोजराने पाय चेपले, दूध पाजलं, दृष्ट काढली. काही उपयोग नाही. पोर वाळत चालली. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या. वैद्य म्हणाला, "बाई, असं लेकरू फार दिवस काढत नाही." गोजरा चुलीपाशी बसून ढसाढसा रडली.

मग कुणीतरी सांगितलं, बर्फाच्या डोंगरात, पार वर, बुद्धाचा विहार आहे. तिथले भंते कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. तिथे झोप मिळेल. मग गोजराने चिमाला शेजारच्या भागाआत्याच्या हवाली केलं, "आलेच मी" म्हणाली आणि निघाली.

तिच्यापाशी देण्यासारखं काय होतं? तीन अंगाया. एक आईची, एक सासूची, आणि एक चिमाचा बाप मागावर विणता विणता गुणगुणायचा ती.

मग लागली नदी. ही खवळलेली! म्हणाली, "मला निजव, मग वाट देते." गोजराने आईची अंगाई म्हटली. नदी निजली, गोजरा पार झाली. पलीकडे जाऊन बघते तर अंगाई आठवेना. एक शब्द आठवेना! दिली ती दिलीच.

मग लागलं रान, आणि रानात अस्वल. ते पण म्हणालं, "मला निजव, नाहीतर खातो." मग सासूची अंगाई गेली.

मग लागला बर्फ. वाट नाही, झाड नाही, वाऱ्याने डोळा उघडेना. बर्फ म्हणाला, "मला पण निजव." गोजराने पदर तोंडात कोंबला. ही कशी देऊ? धन्याचा आवाज तेवढाच उरलाय माझ्याकडे. बसली तिथेच. वाटलं, इथेच गोठून जावं, सुटेन एकदाची. पण लेकीचे दाराकडे लागलेले डोळे आठवले. मग म्हटली तिने तीही. नवऱ्याचा आवाज पार पुसला गेला गं तिच्या मनातून.

गजा, हुंकार? हं, शाबास.

मग आला विहार. केवढा मोठा! आणि आत कोण? कुणी नाही. एकच म्हातारे भंते, शेगडीवर हात शेकत बसलेले. बाकीचे कुणी खाली उतरून गेले, कुणी मरून गेले. गोजरा पायावर पडली. "भंते, माझ्या लेकीसाठी झोप द्या."

भंते म्हणाले, "माझ्याकडे झोप नाही, बाई. असती तर दिली असती."

"नाही म्हणजे? होतं नव्हतं ते देऊन आले मी!" गोजराने किंकाळीच फोडली. भंतेंनी तिच्या हातात गरम पाण्याचा वाडगा दिला आणि म्हणाले, "सांग."

मग ती सांगत सुटली. ताप, रिकामं बाजलं, नदी, अस्वल, सगळं. भंते आपले नुसते "हं." ती रडली, "हं." तिने त्यांना नाही नाही ते बोलून घेतलं, तरी "हं." आणि सांगून संपलं तेव्हा उपदेश नाही, अंगारा नाही, काही नाही. गोजरा उठली आणि रिकाम्या हाताने उतरायला लागली. बर्फ, अस्वल, नदी, सगळी अजून निजलेलीच होती. वाटभर स्वतःच्या नशिबाला बोल लावत होती.

घरी आली तर चिमा अजूनच वाळलेली, डोळे तसेच टक्क. गोजराने तिला मांडीवर घेतलं. अंगाई म्हणायला तोंड उघडलं, तर काही येईचना. काय करेल बिचारी? मग म्हणाली, "चिमे, सांग."

आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं त्या पोरीला!

चिमा म्हणाली, "बाबा गेले तेव्हा मी झोपले होते."

"हं."

"आता ते गावाहून आले आणि मी झोपलेली असले, तर परत जातील ना?"

गोजराला हं म्हणवेना. मग तिने खरं सांगितलं. "बाळा, बाबा गावाला नाही गेले. बाबा मेले. ते आता येणार नाहीत. मी खोटं बोलले तुझ्याशी."

चिमा अशी रडली की भागाआत्या धावत आली. गोजराही रडली. हुंदके देत पोर म्हणाली, "मग मला उठवलं का नाहीस?"

"चुकलं माझं," आई म्हणाली. मग सगळं सांगत बसली. ताप कसा चढला, बाबांनी पाणी कसं मागितलं, शेवटी "चिमाला नीट पांघरूण घाल" एवढंच कसं म्हणाले. चिमा म्हणायची, "हं." मग परत, "हं." मग एक हं आलाच नाही.

गोजरा पटकन खाली वाकली. तिने नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. पोर झोपली होती.

मग काय, राहिल्या दोघी. बाबा नव्हता तो नव्हताच, अंगायाही परत आल्या नाहीत. पण माग चालू झाला, चिमा अंगाने भरली. रडू आलं की रडायच्या, झोप आली की झोपायच्या. अशा सुखाने राहिल्या.

गजा? यमे? हुंकार कुठाय?

झोपली वाटतं मेली दोघं. बरं, झोपा. काही झालं तर उठवीन हं मी तुम्हाला. नक्की उठवीन.