वीतभर मोकळी निरी

एकदा एक वृद्ध स्त्री होती. सारा गाव तिला आक्का म्हणे. गावातल्या प्रत्येक नवरीला लग्नाचं वस्त्र नेसवण्याचा मान तिचा. हात थरथरू लागले, तेव्हा तिनं शेजारच्या सुनेला, वेणूला, हाताशी धरून ती विद्या शिकवायला घेतली.

त्या वैशाखात शेवंता नावाच्या मुलीचं लग्न होतं. आई हयात नव्हती. आईच्याच लग्नातला शालू नेसून बोहल्यावर उभं राहायचं, हा शेवंताचा हट्ट. रेशीम विरत चाललेलं. इस्त्री लावली तर जळेल, ताण पडला तर घडीवर चिरेल. आक्का वेणूला म्हणाली, "या वेळी तू नेसव. निऱ्या कशा बसवायच्या, तेही तूच बघ."

वेणूनं माळ्यावरच्या दोन सागवानी फळ्या काढल्या. कमरेपासून पावलापर्यंत माप घेऊन त्या तेवढ्याच लांब ठेवल्या, चार दिवस काचकागदानं घासल्या. खालच्या फळीवर मऊ पंचा, त्यावर निऱ्या, वर दुसरी फळी आणि तिच्यावर दगडी पाटा. नवरा येता-जाता विचारी, "काय, पापड वाळले का?" तिनं मनावर घेतलं नाही. आधी एक जुनं लुगडं दाबून पाहिलं, तर निऱ्या वहीच्या पानांसारख्या एकाला एक लागून बसल्या.

लग्नाच्या आदल्या सकाळी आक्का आली. फळीवरून हात फिरवून तिनं तोंडभर कौतुक केलं, आणि मग वेणूच्या नवऱ्याला सांगितलं, "करवत आण रे. दोन्ही फळ्या खालून वीतभर काप."

वेणूचा चेहरा उतरला. आक्काला आपलं कौशल्य सोसवत नसेल, असंही क्षणभर मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली. तरी तिनं आखूड झालेल्या फळ्यांत शालूच्या निऱ्या ठेवल्या. तळची वीत बाहेर, मोकळीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी मांडल्या गेल्या. वेणू मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. शेवंतानं उजवं पाऊल उचललं. कमरेशी निऱ्या जागच्या हलल्या नाहीत. पावलाशी मात्र सहज उमलल्या आणि पाऊल पुढं पडलं. सातही राशी झाल्या, शालूचा एक धागा तुटला नाही. शेवंताच्या वडिलांनी त्या जुन्या काठाकडे पाहिलं आणि उपरण्यानं डोळे टिपले.

पंगती उठल्यावर आक्का वेणूजवळ येऊन बसली. "तुझ्या फळ्यांत खोट नव्हती, पोरी," ती म्हणाली. "निरी कमरेशी घट्ट हवी, त्यावर वस्त्र तोलून राहतं. पण पावलाशीही तितकीच दाबलीस, तर पहिल्याच पावलाला ताण बसतो. मग एक तर रेशीम फाटतं, नाही तर बाई अडखळते. आपण नेसवतो ती बाहुली नसते. तिला चालायचं असतं."



पुढं श्रावण आला. सोमवारी पूजा उरकेपर्यंत चूल पेटवायची नाही, असा वेणूचा नियम, आणि घरातले सगळे तोवर ताटकळत. या खेपेला पहिल्याच सोमवारी तिनं आधी म्हाताऱ्या सासऱ्यांना गरम भाकरी वाढली, हात धुतले, आणि मग नेहमीच्याच निष्ठेनं महादेवावर बेल वाहिला. तिचं व्रत मोडलं नव्हतं; त्याला घराबरोबर चालता येऊ लागलं होतं.