तुपाचा गडू आणि देवगांडूळ

एकदा काय झालं, रानाला लागून एक पोफळीची बाग होती. तिथे तुंगाबाई राहायची. भारी संशयी! मांजरीने नुसती जांभई दिली तरी म्हणायची, "दूध प्यायलीस ना गं माझं?"

मुलगा गेलेला गलबतावर. घरात सून येसू आणि महिन्याभराची नात. येसू बाळंतीण, तिला सारखी भूक लागायची. मग पहिल्या दिवशी तुंगाबाईला तांदूळ कमी वाटले. कोठीला कुलूप! दुसऱ्या दिवशी गुळावर मुंग्या दिसल्या. "सुनेनेच सोडल्या असणार!" गुळाच्या डब्याला कुलूप. तिसऱ्या दिवशी तुपाच्या फडताळाला, ते मात्र उगाचच. मग काय होणार? येसूचं दूध आटलं. तान्ही भुकेने रडून रडून सुकायला लागली.

येसू म्हणाली, "आत्याबाई, मी माहेरी जाते. इथे माझी पोर जगायची नाही."

तुंगाबाईला वाटलं, ही जाताना तूप नेणार! मग तिने तुपाचा गडू पदराखाली लपवला, कुदळ घेतली आणि पोफळीखाली ओल्या मातीत खणायला लागली.

तर आत काय? देवगांडूळ! गांडुळाहून चांगलं जाडजूड, पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. आई होती ती, बरं का. वेटोळं घालून पडलेली, आणि दहा पिल्लं तिची साल कुरतडून खात होती.

"बघा! पोटची पोरंसुद्धा खायलाच टपलेली!" असं म्हणून तुंगाबाईने एक पिल्लू चिमटीत उचललं.

तशी ती आई बोलली, "ठेव त्याला खाली. उपाशी आहे ते."

"अगं, तुला खातायत!"

"मग? माझ्याकडे ना दूध, ना कोठी. कातडी आहे, ती देते. दोन दिवसांनी नवी येते. तू काय पुरतेयस गं?"

तुंगाबाईला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! पिल्लू हळूच ठेवलं, माती सारली आणि पळत घरी आली. येसू गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी. तुंगाबाईने गडू तिच्या हातात दिला. "खा, बाई."

आता येसूच संशयाने बघायला लागली. "यात काय घातलंयत, आत्याबाई?"

तुंगाबाई रागावली नाही. बोट बुडवून आधी स्वतः चाटलं. मग कमरेच्या तिन्ही किल्ल्या काढून सुनेच्या पदराला बांधल्या. येसूने गाठोडं खाली ठेवलं.

चार दिवसांत दूध आलं, तान्हीने बाळसं धरलं, सगळी सुखाने राहिली. झाली गोष्ट, मिटा डोळे. नाही रे, पांघरुणात काही वळवळत नाहीये. तुझाच पाय आहे तो. झोप.