पुरे म्हणणारी माशी

ही फार जुनी गोष्ट, माणसाच्या जिभेला अजून मध लागला नव्हता तेव्हाची. अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं आणि दारावर कडवी नावाची राखणदार माशी. पान हललं तरी तिला घातपाताचा वास यायचा.

एका दुपारी गांधीलमाशी आत घुसली. निरोप पोचवणाऱ्या सावळीनं पोळ्याभर एक वास फिरवला: ‘धावा!’ शेकडो माश्यांनी गांधीलमाशीला गराडा घातला आणि अंग थरथरवून एवढी धग केली की ती आतल्या आत भाजून निघाली.

थोड्या वेळानं सावळी दुसरा वास घेऊन निघाली: ‘पुरे.’

कडवीनं तिला वाटेतच अडवलं. “मघाशी धावा, आता पुरे? कुणाची हेर गं तू?”

“अगं, दोन्ही निरोप माझेच. तेच माझं काम.”

“शत्रूला नेमकं हेच हवं असणार!” असं म्हणत कडवीनं तिला कोपऱ्यात दाबून धरलं.

गराडा तापतच राहिला. वरून मेण ठिबकू लागलं, पिलांची घरं ओघळली.

“बघ! घर मोडतंय, म्हणजे शत्रू अजून आतच आहे!” कडवी ओरडली.

“गांधीलमाशी मघाशीच मेली,” सावळी कशीबशी म्हणाली. “आता कोण भाजतंय ते बघ.”

मेणाबरोबर वाहत पिलांतली एक मेलेली अळी कडवीच्या पायाशी आली. कडवीनं तिला हुंगलं, पुन्हा हुंगलं. शत्रूचा वास कुठेच नव्हता. तिनं सावळीवरचा पाय काढला, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला स्वतःचा संशय आला.