थोरल्या पातीची वाटी

“...तर मग सांगा बुवा, थोरली पाती कुणाची?”

रंगनाथराव टेकाळ्यांनी जाडजूड फाईल मठाच्या ओट्यावर ठेवली आणि घाम पुसला. टेकडी चढून आले होते, पण हा घाम चढाचा नव्हता, उत्साहाचा होता.

हिरागिरी बुवा मठाच्या म्हाताऱ्या बैलाला पाण्याने चोळत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“एवढं जाड काय आणलंत?”

“पूर्वज आहेत.”

“सगळे?”

“सापडले तेवढे.”

बुवा खुदकन हसले. बैलाने शेपटी उडवली.

निवृत्त माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. कुणी भजनी मंडळात जातो, कुणी कुंड्यांमध्ये मिरच्या लावतो. पाटबंधारे खात्यातून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेल्या रंगनाथरावांना पूर्वजांचा नाद लागला. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी इतकी धूळ खाल्ली की तिथला शिपाई त्यांना पाहिलं की आधी खिडकी उघडायचा. निजामाच्या वेळचं सेतवार, म्हणजे जमिनीचं दफ्तर, उर्दूत होतं, ते एका मौलवीसाहेबांकडून वाचून घेतलं. त्याआधीचं सगळं मोडीत. मग या वयात मोडीचा वर्ग लावला आणि नातवाच्या शेजारी बसून अक्षरं गिरवली.

त्यात टेकाळ्यांची चाल अशी की आजोबाचं नाव नातवाला. बहिर्जी वल्द सुभानजी, सुभानजी वल्द बहिर्जी, पुन्हा बहिर्जी वल्द सुभानजी. कोण कुठला, काही पत्ता लागेना. एकाच बहिर्जीला रंगनाथरावांनी चारदा मारलं होतं, आणि एकदा तर तो आपल्याच मुलाच्या आधी जन्मायचा विसरला होता.

हे त्यांनी बुवांना सांगितलं तेव्हा बुवा बैल सोडून हसत बसले.

“म्हणतात की नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ पाहू नये,” बुवा म्हणाले. “तुम्ही जन्मभर नद्या अडवल्या. आता कुळाला हात घातलात.”

“आपलं कूळ कुठलं, बुवा?”

“माझं सोपं आहे. संन्यास घेतला तेव्हा माझं श्राद्ध मीच घातलं. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. फाईल लागत नाही.”

रंगनाथरावांना हा विनोद फारसा रुचला नाही. त्यांचं काम गंभीर होतं.

काम असं होतं. कान्हेगव्हाणात पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी जायची ती टेकाळ्यांच्या थोरल्या घरची. फार मागे बहिर्जी आणि सुभानजी असे दोघे सख्खे भाऊ होऊन गेले, त्यांच्या या दोन पात्या, म्हणजे शाखा. थोरली कुठली, यावरून रंगनाथरावांचे वडील आणि त्यांचे लांबचे चुलतभाऊ, म्हणजे सटवाजीचे वडील, ऐन पोळ्यात तोरणाखाली भिडले. तोरण तुटलं, बैल उधळले, पोलीस आले. फौजदाराने तडजोड काढली की यापुढे मठाचा बैल पहिला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तेव्हापासून दोन घरांत पाण्याचाही व्यवहार नव्हता. एका पाटीवर शिकलेले, एका विहिरीत पोहलेले रंगनाथ आणि सटवाजी समोरून आले की एकजण आभाळाकडे बघायचा आणि दुसरा चपलेकडे.

यंदा गावाने ठराव केला होता की मठातले बुवा सांगतील ती थोरली पाती. उद्या पोळा होता.

रंगनाथरावांना आपली जोडी एकदा तरी पुढे चाललेली पाहायची होती. जोडी तशी सालदार सांभाळायचा, ते स्वतः शहरात राहायचे. पण गावात आलं की कुणाच्या ओट्यावर टेकावं हे त्यांना कळत नसे, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. मान मिळाला की हे सगळं सुरळीत होईल असं त्यांनी धरलं होतं.

“यात वाटणीपत्र आहे, बघा,” फाईल उचलून पुढे करत ते म्हणाले. “‘सुभानजी व बहिर्जी, उभयता बंधू.’ थोरल्याचं नाव आधी लिहायची रीत. आम्ही सुभानजीचे.”

“हं. यात सगळे कागद आले?”

“...महत्त्वाचे आले.”

बुवांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

रंगनाथराव दूर गावाकडे बघू लागले. आणखी एक कागद होता. देवळाला जमीन दिल्याचा. त्यात बहिर्जीचं नाव आधी होतं. तो गावातल्या घरी, बॅगेत, धोतराच्या घडीखाली होता.

“बरं,” बुवा म्हणाले. “थोरली पाती तुमची.”

रंगनाथराव गडबडले. एवढा खटाटोप करून आणलेल्या फाईलची दोरीसुद्धा कुणी सोडली नव्हती.

“आपण वाचलं नाही, बुवा...”

“तुम्ही वाचलंत ना?”

“हो, पण...”

“मग झालं.”

बुवा आत गेले आणि पितळेची वाटी घेऊन आले. वाटीत तुपात कालवलेली हळद होती. ती त्यांनी रंगनाथरावांच्या हातातल्या फाईलवर ठेवली, म्हणजे दोन्ही हात अडकले.

“हे काय?”

“आज खांदेमळणी आहे. थोरलं घर आज काय करायचं, आठवतं?”

रंगनाथरावांनी वाटीकडे पाहिलं. आठवत होतं. त्यांचे आजोबा भावकीत वयाने सगळ्यांत वडील, म्हणून आदल्या दिवशी तेच अशी वाटी घेऊन निघायचे. भावकीच्या प्रत्येक दारात जायचे, गोठ्यात शिरायचे, वर्षभर जू ओढलेला प्रत्येक खांदा आपल्या हाताने मळायचे आणि बैलाच्या कानाशी लागून आवतण द्यायचे. ते सगळं करून, पायाला शेण लावून घरी यायचे, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी त्यांची जोडी पुढे निघायची. भांडण झालं तेव्हा तोरण सगळ्यांच्या लक्षात राहिलं आणि वाटी सगळे विसरले.

“म्हणजे... सटवाजीच्या गोठ्यात?”

“भावकीतलाच आहे ना तो? का तेही रेकॉर्डात बघायचं?”

“बुवा, त्याच्या दारात मी कसा जाऊ? आपणच चला ना. आपल्या हाताने...”

“मला घर नाही. आवतण घर असलेल्यानं द्यायचं असतं.” बुवांनी पुन्हा बैलाला पाणी ओतलं. “दिवेलागणीच्या आत जा.”

आता वाटी परत कशी करणार? परत केली तर थोरलेपणही परत करावं लागणार. रंगनाथराव टेकडी उतरले. फाईल काखेत, वाटी हातात, आणि मनात बुवांविषयी काही बरे नसलेले विचार.

ओढ्यावरच्या फरशीपाशी ते आले आणि थबकले.

समोरून सटवाजी येत होता. डोक्याला फेटा, अंगात धुतलेला सदरा. हातात पितळेची वाटी, तिच्यावर पळसाचं पान.

दोघे फरशीच्या मधोमध उभे राहिले. यावेळी आभाळाकडे बघायची सोय नव्हती, कारण बघितलं असतं तर तूप सांडलं असतं.

“कुठं निघाले, रंगनाथराव?” सटवाजीने विचारलं.

“तुमच्याकडेच. तुम्ही?”

“तुमच्याकडं.”

“का?”

“थोरल्या घरानं जायाचं असतंय म्हून.”

“थोरलं घर आमचं आहे!”

“आमचं हाय. परवाच बुवा म्हनले. वाटी बी त्यांनीच देली. दोन दिस झाले ती घेऊन बसलोय, पाय निघंना. आज कारभारीन म्हनली, जाता का मी जाऊ?”

रंगनाथरावांनी डोळे मिटले. टेकडीवरच्या त्या खुदकन हसण्याचा अर्थ आत्ता त्यांना लागला.

“तुम्ही कागद दाखवला त्यांना?”

“दावला की. देवळाच्या जमिनीचा. त्यात बहिर्जी आधी हाय.”

“मला माहीत आहे.”

सटवाजीचा चेहरा कठीण झाला. “म्हाईत हाय? मंग बुवाला कामून नाही दावला?”

रंगनाथरावांनी काखेतली फाईल सावरली. ओढ्याचं पाणी वाजत होतं.

“घरी ठेवला,” ते शेवटी म्हणाले. “धोतराखाली. चुकलंच माझं.”

सटवाजीने वाटीवरचं पान नीट केलं.

“वाटणीपत्राची नक्कल मी बी काढली व्हती,” तो हळूच म्हणाला. “सुभानजी आधी हाय त्यात.”

“मग? कुठे आहे?”

“...कणगीत.”

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण हसले ते असे की दोघांच्याही वाट्या हिंदकळल्या आणि फरशीवर पिवळे थेंब पडले. सटवाजी फरशीच्या कठड्यावर बसला. रंगनाथरावही बसले. कुणाच्या ओट्यावर टेकावं हा प्रश्न त्या वेळी त्यांच्या मनातही आला नाही.

“धोतराखाली!” सटवाजी म्हणाला. “अन् मोठा साहेब म्हनं!”

“आणि तू कणगीत. उंदरांनी खाल्ला असता म्हणजे?”

“म्हून तर ठिवला व्हता, रंग्या.”

रंग्या! ही हाक ऐकून किती वर्षं झाली याचा हिशेब रंगनाथरावांनी केला नाही. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

“दिवेलागण होईल,” ते म्हणाले. “कुणाचा गोठा जवळ?”

“मपला.”

“मग चल.”

सटवाजीच्या गोठ्यात रंगनाथरावांनी हौश्या नावाच्या बैलाचा खांदा मळला. जू घासून घासून तिथली कातडी जाड आणि राठ झाली होती. बोटांनी हळद जिरवता जिरवता त्यांना आजोबांचा हात आठवला, आणि शब्द आपोआप तोंडात आले.

“आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

हौश्याने कान हलवला. आतून सटवाजीची बायको म्हणाली, “लई उशीर केला, भावजी. चहा घेऊन मंग जायाचं.”

मग दोघे रंगनाथरावांच्या गोठ्यात गेले. तिथे सटवाजीने खांदे मळले आणि सालदार तोंडात बोट घालून पाहत राहिला. मग निघालेच आहोत तर भावकीतली बाकीची घरंही घेतली. एक वाटी या अंगाला, एक त्या अंगाला. एका घरी म्हातारीने विचारलं, “थोरला कोन तुमच्यातला?” तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि म्हातारीने दोघांनाही गूळ दिला.

दिवे लागून गेल्यावर दोघे टेकडीवर आले. हात कोपरापर्यंत पिवळे. फाईल कुठल्याशा गोठ्यात राहिली होती, हे रंगनाथरावांना वर आल्यावर लक्षात आलं.

“बुवा,” रंगनाथराव म्हणाले, “आपण दोघांनाही थोरलं म्हणालात!”

“म्हणालो.”

“हे कसं काय, म्हाराज?” सटवाजी म्हणाला. “येकाच आईचे दोघं थोरले कसे असतील?”

“ते जाऊ दे,” रंगनाथराव म्हणाले. “उद्या सकाळी गाव गोळा होईल. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, तेवढं आत्ता सांगा. आम्हाला दोघांनाही कुणाचंही चालेल, पण एक नाव सांगा.”

बुवा उठले. मठाच्या म्हाताऱ्या बैलाचा कासरा सोडून त्यांनी त्याला दोघांच्या मध्ये आणून उभं केलं. धुतलेलं अंग दिव्याच्या उजेडात चकाकत होतं. इतकी वर्षं हा बैल तोरणाखालून सगळ्यांच्या आधी गेला होता. त्याने एकदा या वाटीचा वास घेतला, एकदा त्या.

दोन्ही वाट्यांच्या तळाशी थोडं थोडं तूप उरलं होतं.

“नाव मागाहून सांगतो,” बुवा म्हणाले. “ह्याला अजून कुणी आवतण दिलं नाही.”