तिसरा स्क्रू

शेवंताकाकू सुतारकाम करायची. तिच्या दुकानात एक टेबल होतं. टेबलाला मधोमध भोक. भोकावर जाड प्लेट.

आज काकू प्लेटला राउटर लावत होती. राउटर म्हणजे लाकूड कोरायचं मशीन. जड, खूप जड. ते प्लेटखाली उलटं टांगायचं. तीन स्क्रूंनी आवळायचं.

पहिला स्क्रू बसला. दुसरा स्क्रू बसला. तिसरा हातातून निसटला.

टिण टिण टिण. गेला भिंतीखालच्या फटीत.

मशीन कललं. कर्र.

काकूने ते खालून डाव्या हाताने धरलं. हात थरथरू लागला. थर थर, थर थर.

मशीनखाली होता भुशाचा खोका. खोक्यात कोण होतं?

इवली नावाच्या उंदरीचं पिल्लू. एवढंसं. सरकत सरकत खोक्यात पडलेलं. खोका उंच. कडा गुळगुळीत. पिल्लाला वर येता येईना.

इवली धावत आली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"काकू, काकू, खोका ओढ. खोका ओढला की पिल्लू मिळेल."

काकू म्हणाली, "कशी ओढू गं इवले? खोका जड, त्याला दोन हात लागतात. हात सोडला तर मशीन पडेल. तिसरा स्क्रू आण. मशीन आवळलं की ओढते."

इवली फटीपाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"स्क्रूदादा, स्क्रूदादा, वर ये.
स्क्रू आला की काकू मशीन आवळेल.
मशीन आवळलं की काकू खोका ओढेल.
खोका ओढला की पिल्लू मिळेल."

स्क्रू म्हणाला, "मी नाही येत. फट खोल आहे. चुंबक खाली उतरला, तरच येईन."

कर्र. मशीन जरासं खाली आलं.

इवली भिंतीपाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. फटीच्या वर खिळा होता. खिळ्याला चुंबक दोरीने बांधला होता.

"चुंबकमामा, चुंबकमामा, खाली उतर.
चुंबक उतरला की स्क्रू येईल.
स्क्रू आला की काकू मशीन आवळेल.
मशीन आवळलं की काकू खोका ओढेल.
खोका ओढला की पिल्लू मिळेल."

चुंबक म्हणाला, "मी नाही उतरत. मला दोरीने बांधलंय. दोरी सुटली, तरच उतरेन."

कर्र, कर्र. मशीन आणखी खाली आलं.

इवली दोरीकडे वळली. छाती धड धड, धड धड.

"दोरीताई, दोरीताई, सैल हो.
दोरी सुटली की चुंबक उतरेल.
चुंबक उतरला की स्क्रू येईल.
स्क्रू आला की काकू मशीन आवळेल.
मशीन आवळलं की काकू खोका ओढेल.
खोका ओढला की पिल्लू मिळेल."

दोरी म्हणाली, "मी नाही सुटत. माझी गाठ घट्ट आहे. नखांनीच सुटेल. बोकोबाला सांग."

बोकोबाला.

इवलीने दाराकडे पाहिलं. बोकोबा दाराशी बसला होता. मोठा. काळा. पिवळ्या डोळ्यांचा.

मागून काकू म्हणाली, "इवले, लवकर गं. हात दुखतोय."

कर्र, कर्र, कर्र.

इवली निघाली. हळू हळू, हळू हळू. बोकोबापासून दूर थांबली.

"बोकोबा, बोकोबा, गाठ सोड.
गाठ सुटली की दोरी सुटेल.
दोरी सुटली की चुंबक उतरेल.
चुंबक उतरला की स्क्रू येईल.
स्क्रू आला की काकू मशीन आवळेल.
मशीन आवळलं की काकू खोका ओढेल.
खोका ओढला की पिल्लू मिळेल."

बोकोबा म्हणाला, "मी नाही सोडत. माझ्या पंजात कुसळ रुतलंय. ते कुणी काढलं, तरच सोडेन."

"कोण काढेल?" इवलीने विचारलं.

"ज्याचे दात बारीक आहेत, तो."

इवलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

बोकोबाने पंजा पुढे केला. इवली जवळ गेली. आणखी जवळ. त्याच्या मिशा तिच्या पाठीला लागल्या. त्याचा श्वास गरम होता. तिने डोळे मिटले. कुसळ दातांत धरलं.

खस्स. कुसळ निघालं.

बोकोबाने तोंड उघडलं. सगळे दात दिसले.

मग तो म्हणाला, "आता पळू नकोस. पळालीस तर मला धरावंसं वाटेल. माझ्याबरोबर हळू चाल."

इवली चालली. धड धड, धड धड. बोकोबा चालला. थप थप, थप थप.

बोकोबाने गाठ सोडली. खुट.
दोरी सुटली. सुर्र.
चुंबक फटीत उतरला. टक.
इवलीने दोरी दातांनी ओढली. स्क्रू वर आला.
बोकोबा पंजा चाटत बसला, तशी ती स्क्रू घेऊन काकूकडे धावली. तुरु तुरु, तुरु तुरु.
काकूने मशीन आवळलं. कच कच, कच कच.
मग हात सोडला. मशीन पडलं नाही.
काकूने खोका ओढला आणि कलता केला. सर्र.

भुसा हलला. इवलीने आत नाक घातलं. पिल्लू होतं. ऊबदार होतं. त्याचे डोळे अजून उघडलेच नव्हते. कसलं मशीन, कसला बोकोबा, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"चीं," ते म्हणालं.

इवलीने त्याला उचललं आणि कुशीत घेतलं. काकू खाली बसली, हात चोळत राहिली. त्या दिवशी तिने मशीन सुरू केलंच नाही.

स्क्रू गेला मशीनला, पिल्लू गेलं आईला, गोष्ट गेली निजायला.